तीस किलोचा रॉड कपाळापाशीच का अडकतो?

स्क्वॉट (रॉड खांद्यांवर घेऊन उठबस) वाढतो, डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलणं) तर नुसता पळतो, बेंच प्रेसही (बाकावर आडवं पडून रॉड ढकलणं) रडतखडत पुढे सरकतो. ओव्हरहेड प्रेस मात्र जागचा हलत नाही. उभं राहायचं, छातीच्या वरच्या भागावर टेकलेला रॉड दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायचा, कोपर सरळ होईपर्यंत. गुडघ्यातून धक्का द्यायचा नाही. सांगायला एका ओळीचा व्यायाम. नव्याने वजन उचलायला लागलेल्यांना सगळ्यात आधी रडवतो तो हाच.

प्रतापनगर, सक्करदरा किंवा मानेवाडा, नागपुरातल्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी गेलात तर रॉड ठेवायच्या रॅकजवळ असला संवाद कानावर पडतोच.

"काहून बे, अटकला का?"

"मंगळवारी पाच वेळा गेलता ना यार. आज तिनाच्या वर जाऊनच नाही राहिला."

"खाऊन नसशील राहिला बराबर."

प्रेस अडकला की खापर फुटतं ते खाण्यावर, झोपेवर, नाहीतर 'खांदेच कमजोर आहेत' या निदानावर. खाणं-झोप महत्त्वाचं आहेच, पण बहुतेक नवशिक्यांचा प्रेस अडकतो तो वेगळ्याच दोन कारणांनी. एक कारण सांध्याच्या भूमितीत आहे आणि दुसरं प्लेटांच्या स्टँडवर टांगलेलं आहे. दुसऱ्याकडे कोणी बघतच नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. पण आधी भूमिती.

कपाळापाशी नेमकं काय होतं

वजन नेहमी सरळ खाली ओढतं. आपला दंड मात्र खांद्याच्या सांध्याभोवती फिरतो. वजनाची ती उभी रेषा सांध्यापासून आडवी किती लांब आहे, यावर स्नायूला किती जोर काढावा लागेल ते ठरतं. भरलेली बादली अंगालगत धरली तर बराच वेळ धरता येते आणि हात लांब करून धरली तर काही सेकंदांत खाली ठेवावी लागते. पाणी तेवढंच असतं, अंतर बदललेलं असतं.

प्रेसमध्ये हे अंतर सतत बदलत जातं. सुरुवातीला रॉड गळ्याच्या हाडापाशी असतो, कोपर त्याच्या खाली, दंड बराचसा खाली झुकलेला. तेव्हा अंतर कमी असतं, शिवाय छातीचा वरचा भागही मदतीला येतो. रॉड वर निघाला की कोपर वर आणि बाहेर सरकतात. दंड जमिनीला समांतर झाला की अंतर सगळ्यात जास्त होतं: दंडाच्या हाडाची जवळजवळ अख्खी लांबी, मोठ्या माणसात साधारण ३० सेंटिमीटर. त्या क्षणी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात सरळ उभा असतो. म्हणजे रॉड कुठे असतो? डोळे आणि कपाळाच्या आसपास. नेमका जिथे तो थांबतो तिथे.

आकड्यांत बघू. ३० किलोच्या रॉडचे प्रत्येक हाताच्या वाट्याला १५ किलो येतात. हे १५ किलो सांध्यापासून आडवे १५ सेंटिमीटरवर असताना खांद्यावर जेवढा पीळ पडतो, त्याच्या दुप्पट ३० सेंटिमीटरवर पडतो. वजन एका ग्रॅमनेही वाढलेलं नसतं. त्यात छातीपासून मिळालेला वेगही इथवर येईस्तोवर संपलेला असतो. एकदा का हा टप्पा पार झाला की कोपर खांद्याच्या वर जातात, अंतर पुन्हा कमी होतं, दंडाच्या मागचा ट्रायसेप्स काम उचलतो आणि रॉड वर जातो. कपाळ ओलांडलेला रॉड सहसा परत येत नाही, हे जिममध्ये थोडे दिवस काढलेल्या कोणालाही माहीत असतं.

पहिल्याच वेळेला रॉड जड वाटतो आणि दुसऱ्यांदा हलका, याचंही कारण आहे. पहिल्यांदा तो थांबलेल्या अवस्थेतून उचलावा लागतो. दुसऱ्यांदा तो वरून खाली आलेला असतो. स्नायू ताणले गेलेले असतात आणि त्या ताणाची थोडी उसळी फुकटात मिळते.

आता 'कमजोर खांद्यां'चा निकाल लावू. बेंच प्रेसमध्ये छातीचा मोठा स्नायू काम करतो आणि पाठीला बाकाचा आधार असतो. स्क्वॉटमध्ये मांड्या आणि कुल्ले, म्हणजे शरीरातले सगळ्यात दांडगे स्नायू. प्रेसमध्ये मुख्य काम खांद्याच्या डेल्टॉइडचं, त्यातही पुढच्या आणि मधल्या भागाचं, जोडीला ट्रायसेप्स. आणि हे सगळं उभ्याने, आधाराशिवाय. जिममधला ढोबळ हिशोब असा की प्रेस बेंचच्या ६० ते ६५ टक्के असतो. ज्याचा बेंच ५० किलो आहे त्याचा प्रेस ३० असेल तर त्याचे खांदे कमजोर नाहीत, अगदी हिशोबात आहेत. तरी तो आरशात खांदे बघून उदास होतो, कारण शेजारी स्क्वॉट करणाऱ्याच्या रॉडवर मोठ्या चकत्या दिसतात.

मधे येणारं डोकं

रॉडसाठी सगळ्यात सोपा मार्ग सरळ उभा, पावलाच्या मध्यावरून वर जाणारा. अडचण एवढीच की त्या मार्गात आपली हनुवटी आणि नाक आहे. नवशिका काय करतो, नाक वाचवायला रॉडच पुढून वळसा घालून नेतो. आठ-दहा सेंटिमीटर पुढे गेलेला रॉड शरीराला पंजांवर ओढतो, खांद्यावरचं अंतर आणखी वाढवतो, आणि तेही ज्या उंचीवर अंतर आधीच सगळ्यात जास्त आहे तिथे. मग ३० किलो ३५ सारखे लागले तर नवल काय.

वळसा डोक्याने घ्यायचा, रॉडने नाही. रॉड निघण्याआधी हनुवटी मागे घ्यायची, कंबर किंचित पुढे सोडायची, आणि रॉड नाकाला घासतो की काय असं वाटेल इतक्या जवळून वर जाऊ द्यायचा. कपाळ ओलांडलं की डोकं आणि छाती पुढे, रॉडच्या खाली आणायची. शेवटी बाजूने पाहिलं तर रॉड, खांद्याचा सांधा, कंबर आणि पावलाचा मध्य एका उभ्या रेषेत यायला हवेत. रॉड कपाळाच्या वर थांबला असेल तर तो अजून पुढेच आहे. त्याची जागा मानेच्या मागच्या भागावर आहे.

आपल्या जिममधले आरसे या कामी काही उपयोगाचे नाहीत. ते समोरून दाखवतात, आणि हा सगळा घोळ बाजूने दिसतो. मोबाईल बाजूच्या बाकावर कमरेच्या उंचीला टेकवून एक सेट रेकॉर्ड करायचा आणि रॉडचं टोक कुठून कुठे जातं तेवढंच बघायचं. चेहरा, खांदे, टी-शर्ट, काही बघायचं नाही. टोक सरळ वर गेलं तर ठीक. वाटीसारखी रेघ दिसली तर अर्धा इलाज तिथेच आहे.

पकडीचं थोडक्यात: खांद्याच्या रुंदीपेक्षा जरा बाहेर, बस. बेंचची रुंद पकड इथे आणली की कोपर बाहेर पसरतात आणि पीळ वाढतो. रॉड बोटांच्या मुळाशी नाही, तळहाताच्या टाचेवर, म्हणजे मनगटाच्या हाडांच्या बरोबर वर. मनगट मागे मोडलेलं असेल तर रॉड कोपराच्या मागे लटकतो आणि खांद्याने काढलेला जोर मनगटात जिरतो. अंगठा रॉडभोवतीच हवा. अंगठा न लावता डोक्यावर वजन धरण्यात कसलंही शौर्य नाही.

कंबर वाकते, आणि १९७२

रॉड कपाळापाशी अडकला की शरीर आपोआप एक युक्ती करतं. पाठ मागे कलते. छाती वर येते, उभ्याउभ्या तिरका बेंच प्रेस तयार होतो आणि छातीचा मोठा स्नायू पुन्हा कामाला लागतो. रॉड जातो. किंमत मोजतात ते कमरेचे मणके.

ही युक्ती नवशिक्यांची नाही, जगज्जेत्यांचीही होती. १९२८ पासून ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार होते: प्रेस, स्नॅच (रॉड जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर). पुढे पुढे प्रेसमध्ये स्पर्धक इतके मागे कलू लागले की ताकद कुठे संपते आणि कलणं कुठे सुरू होतं हे पंचांना ठरवता येईना. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस स्पर्धेतून काढूनच टाकला. त्याच वर्षी सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेव्ह यांनी २३६.५ किलोचा प्रेस केला होता. प्रकारच बंद झाल्यावर तो विक्रम आहे तिथेच राहिला.

म्हणून आज टीव्हीवर जे दिसतं ते प्रेस नाही. मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो वजनगटात ११५ किलो डोक्यावर नेले, सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात १३५ नेले, दोन्ही जर्क. जर्कमध्ये रॉड वर फेकतात ते पाय, आणि खेळाडू क्षणार्धात त्याच्या खाली शिरून हात सरळ करतो. हातांनी ढकलण्याचा भाग त्यात फार थोडा. हे व्हिडिओ बघून 'ती एवढीशी पोरगी ११५ नेते, माझे तीस का जात नाहीत' असं स्वतःला टोचून घेण्यात अर्थ नाही. तो खेळच दुसरा आहे. (बाकी मीराबाईचा प्रेसही माझ्या-तुमच्यापेक्षा जास्तच असणार, ते सोडा.)

कलणं थोपवायला कंबरपट्टा लागत नाही. कुल्ले घट्ट आवळायचे, गुडघे सरळ ठेवायचे, पोटात श्वास भरून पोट चहूबाजूंनी कडक करायचं आणि मगच रॉड ढकलायचा. रॉड वर गेल्यावर किंवा पुन्हा खाली आल्यावर श्वास सोडायचा. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मात्र श्वास असा रोखून जड वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण त्या काही सेकंदांत रक्तदाब चांगलाच चढतो.

पाठीवरची दोन पाती

हात पूर्ण वर जातो तेव्हा तो एकटा जात नाही. बाजूने सरळ डोक्यावर, म्हणजे साधारण १८० अंश हात फिरतो त्यातले १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० पाठीवर सरकणाऱ्या खांद्याच्या पात्यातून. हे पातं वर-बाहेर फिरवतात ट्रॅपेझियस आणि बरगड्यांवरून जाणारा सेरेटस. म्हणून "खांदे खाली दाबून ठेव" ही सूचना बेंचला चांगली असली तरी प्रेसच्या वरच्या टोकाला उलटी पडते. हात सरळ झाल्यावर खांदे कानांकडे उचलले जायलाच हवेत. पात्याला फिरू दिलं नाही तर सांध्यातल्या मऊ भागांवर चिमटा बसू शकतो.

दिवसभर मिहानमधल्या ऑफिसात स्क्रीनपुढे किंवा अभ्यासिकेत वहीवर वाकून बसणाऱ्याच्या पाठीचा वरचा भाग पुढे गोल होऊन आखडतो आणि पातं फिरायला जागा उरत नाही. तुमचं काय आहे ते घरीच कळेल. भिंतीला पाठ टेका, पावलं वीतभर पुढे, कंबर भिंतीला चिकटलेली. दोन्ही हात सरळ ठेवून डोक्यावर न्या. अंगठे भिंतीला लागले आणि कंबर सुटली नाही तर छान. कंबर सुटल्याशिवाय अंगठे लागतच नसतील तर तुमच्या खांद्यांना जे अंश कमी पडतात ते कंबर उसने देते आहे, आणि डोक्यावर वजन असतानाही देणार आहे.

यावर मला सगळ्यात पटलेला उपाय जिममधला नाही, आखाड्यातला आहे. विदर्भात आखाड्यांची परंपरा जुनी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचं. तिथला मुद्गर डोक्यामागून, पाठीवरून फिरवताना खांदा आणि पातं दोन्ही पूर्ण फिरतात, वरची पाठ मोकळी होते. प्रेसआधी हलका मुद्गर, दोन-तीन किलोचा, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा फिरवला तरी पुरे. मुद्गर नसेल तर बारला नुसतं लटकणंही चालतं. पण मुद्गरानेच प्रेस वाढेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो खांदा मोकळा करतो, प्रेस वाढतो प्रेस केल्याने.

अडीच किलोच्या चकतीचा घोटाळा

आता प्लेटांकडे येऊ. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान चकती अडीच किलोची असते. दोन बाजूंना दोन, म्हणजे वजन एकदम पाच किलोने वाढतं. ८० किलोच्या स्क्वॉटवर पाच किलो म्हणजे सव्वासहा टक्के. ३० किलोच्या प्रेसवर तेच पाच किलो जवळजवळ १७ टक्के होतात. एकच चकती, पण स्क्वॉटला ती पायरी आहे आणि प्रेसला भिंत.

किती उंच भिंत, ते एका साध्या सूत्राने कळतं. अमेरिकेतले प्रशिक्षक बॉइड एप्ली यांच्या नावाने ते ओळखलं जातं: जेवढं वजन जितक्या वेळा जातं, त्या वेळांना ३० ने भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि वजनाने गुणायचं. उत्तर म्हणजे एकदाच जाऊ शकेल असं कमाल वजन, अंदाजे.

३० किलो पाच वेळा जात असतील तर कमाल निघते ३५ किलो. आता दोन बाजूंना अडीच-अडीच टाका. रॉड झाला ३५ चा. म्हणजे काल ज्या वजनाचे पाच पाच वेळांचे सेट होत होते त्यावर एक पायरी चढवताना आपण थेट आयुष्यातल्या कमाल वजनावर जाऊन पोचलो, आणि अपेक्षा पुन्हा पाच वेळांची! एकदा गेला तरी खूप. यात खाणं, झोप, जिद्द, कशाचाच दोष नाही. पाढे म्हणता येणाऱ्या कोणालाही हा अपयशाचा मुहूर्त आधीच सांगता आला असता.

सव्वा किलोच्या चकत्या असतील तर रॉड ३२.५ चा होतो आणि त्याच सूत्राने दोनदा जातो, फार तर तीनदा. अर्धा-अर्धा किलो टाकला तर ३१ होतात आणि जवळजवळ चारदा जातात. चार आणि पाच यांतलं अंतर आठवड्याच्या सरावात भरून निघतं. एक आणि पाच यांतलं निघत नाही.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे अर्ध्या किलोच्या चकत्या. ऑनलाइन मिळतात, बर्डीवर खेळाच्या सामानाच्या दुकानांतही विचारून बघा. मिळाल्या नाहीत तर इतवारीत लोहाओळीला मोठ्या भोकाचे जाड वॉशर वजनावर घ्या, किंवा पायाला बांधायचे अर्ध्या किलोचे वाळूचे पट्टे रॉडच्या दोन्ही टोकांना बांधा. जिममधले लोक हसतील. हसू द्या. स्वतःच्या पिशवीतून अर्ध्या किलोच्या चकत्या काढणारा माणूस विचित्र दिसतो हे खरं, पण महिन्याभरात त्याचा रॉड ३३-३४ ला असतो आणि हसणाऱ्यांचा ३० ला.

दुसरा उपाय फुकटचा आहे. वजन तेच ठेवून वेळा वाढवायच्या. किती? सूत्र उलटं लावा. ३२.५ पाच वेळा जायला कमाल सुमारे ३८ हवी. कमाल ३८ असलेल्या माणसाचे ३० किलो आठ वेळा जातात. म्हणजे ३० चे आठ होईपर्यंत सव्वा किलोच्या चकतीला हात लावायचा नाही. आणि जिममध्ये अडीचच्याच असतील तर ३५ चे पाच होण्यासाठी ३० चे अकरा व्हायला हवेत. अकरा! बहुतेक जण सहाला पोचले की चकती उचलतात. सूत्र अंदाजच देतं, वेळा दहाच्या पुढे गेल्या की आणखी ढोबळ होतं, पण दिशा बरोबर दाखवतं.

मुलींसाठी हे गणित आणखी कडक आहे. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि महिलांचा १५ चा. बऱ्याच जिममध्ये १५ चा ठेवतच नाहीत आणि नव्या मुलीच्या हातात थेट २० चा रॉड देतात किंवा "मॅडम, तुम्ही डंबेलच करा" म्हणून मोकळे होतात. डंबेलमध्येही तोच घोटाळा: पाचनंतर साडेसात, म्हणजे ५० टक्के उडी. १५ किलोच्या प्रेसवर सव्वाच्या दोन चकत्यासुद्धा १७ टक्के होतात. अर्ध्या किलोच्या चकत्यांची सगळ्यात जास्त गरज त्यांना आहे, आणि मिळतात सगळ्यात कमी.

एक खबरदारी. आपल्या गल्लीतल्या जिममधला प्रत्येक लांब रॉड २० चा नसतो. बारीक रॉड कुठे ८ किलोचा, कुठे १२ चा निघतो, आणि स्वस्त रबरी चकत्यांवर छापलेलं वजन आणि खरं वजन यांतही फरक सापडतो. सामान तोलायचा हुकवाला इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन एकदा रॉड तोला, नेहमीच्या दोन चकत्यांवर खडूने खूण करा. दुसऱ्या जिममध्ये गेल्यावर अचानक ताकद गेल्यासारखी वाटते तेव्हा बहुधा रॉड बदललेला असतो.

किती, कधी, कशानंतर

आठवड्यातून एकदा 'शोल्डर डे' ही पद्धत नवशिक्याला प्रेससाठी कमी पडते. दोनदा करा. एक दिवस जड, पाच वेळांचे तीन-चार सेट. दुसऱ्या दिवशी हलकं, आठ-दहा वेळांचे. दोन्ही दिवशी प्रेस सुरुवातीला. बेंचनंतर प्रेस म्हणजे थकलेल्या ट्रायसेप्सकडून काम मागणं. सेटच्या मधे तीन मिनिटं थांबा, रॅकसाठी मागे कोणी ताटकळत असेल तरीही; त्याला मधे एक सेट मारू द्या.

पुन्हा पुन्हा अडकलात तर दहा टक्के उतरा. ३० वरून २७, आणि तिथून पुन्हा वर. शेवटच्या सेटनंतर गुडघ्यातून हलका धक्का देऊन थोडं जास्त वजन वर न्यायचं आणि हळू खाली आणायचं, याला पुश प्रेस म्हणतात. वरच्या वजनाची सवय होते. पण तो प्रेस म्हणून वहीत लिहायचा नाही. स्मिथ मशीनवरचे आकडेही वेगळे लिहा. तिथे रॉड रुळावरून जातो, तोल सांभाळावा लागत नाही, डोक्याला वळसा शिकवावा लागत नाही, म्हणून तिथले ४० इथे ४० नसतात.

खाण्याचं आता सांगतो. वजन उचलणाऱ्याला रोज शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६५ किलोच्या माणसाला शंभरेक ग्रॅम. सकाळी तर्री-पोहे, दुपारी वरण-भात आणि रात्री पोळी-भाजी यांत ती निम्मीही भरत नाहीत. चार अंडी म्हणजे २४ ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम सोयावडीत पन्नासच्या पुढे. प्रोटीन पावडरचे डबे विकत घेण्याआधी हे बघा. आणि वजन कमी करायच्या मागे असाल तर सगळ्यात आधी प्रेसच घसरतो, त्याचं मनावर घेऊ नका.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की नागपूरच्या जिममध्ये कूलर लावतात. त्या दमट हवेत तळहात घामाने निसरडे होतात आणि मनगट मागे मोडतं. खिशात सुती रुमाल ठेवा, जिमवाला चालू देत असेल तर हाताला चोळायला खडू. उन्हाळ्यात पहाटे जाणाऱ्याचा आणि संध्याकाळी जाणाऱ्याचा प्रेस सारखा नसतो, म्हणून तुलना करायची तर त्याच वेळेच्या आकड्याशी करा.

रॉड वर गेला नाही तर काय करायचं हे वजन लावण्याआधी ठरलेलं असू द्या. बेंचसारखी इथे रॉडखाली अडकण्याची भीती नाही, म्हणून मागे कोणी उभं राहून कोपर उचलून धरण्याचीही गरज नाही. ते उलट तोल घालवतात. जिथे थांबला तिथून रॉड हळू छातीवर परत आणायचा आणि रॅकवर ठेवायचा. मानेच्या मागे मात्र उतरवायचा नाही, आणि मानेमागून करायचा प्रेस खांदे भिंतीच्या परीक्षेत पास होईपर्यंत लांबच ठेवायचा. स्नायू थकून जळजळणं वेगळं; सांध्याच्या पुढच्या बाजूला टोचतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, असं दोन आठवडे चाललं तर प्रेस थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जायचं. आणि तळघरातली जिम असेल किंवा घरी करत असाल, तर रिकाम्या रॉडने एकदा हात पूर्ण वर करून बघा. आपल्याकडे छताचे पंखे फार खाली असतात.